सोळा चित्रं, एक दृष्टिक्षेप

२ सप्टेंबर, सोमवार

बादली ही वस्तू मानवजातीच्या कल्याणासाठी निर्माण झाली, याबद्दल माझ्या मनात आजवर शंका नव्हती. आज आली. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, तळमजल्याच्या लॉबीत, डाव्या नडगीमार्गे. फरशी पुसणाऱ्या मावशींनी ती निळी, काठोकाठ भरलेली बादली नेमकी माझ्या गमनमार्गावर प्रतिष्ठापित केली होती. निम्मं पाणी लॉबीत, निम्मं माझ्या बुटात.

मावशी म्हणाल्या, अगं बाई, एवढी मोठी बादली दिसली नाही होय, साहेब? मी म्हणालो, प्रश्न दिसण्याचा नाही, ठेवण्याचा आहे. यावर त्या पुसायला लागल्या.

या सात मजली व्यापारी इमारतीचे सोळा कॅमेरे मी अकरा वर्षं सांभाळतो आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. वारा असो, ताप असो. मला 'दिसलं नाही होय' विचारणं म्हणजे माशाला पोहता येतं का विचारणं.

आजपासून रोजनिशी. कारण या महिन्याच्या तीस तारखेला माझा देखभालीचा करार संपतो आणि पुढचा कुणाला द्यायचा हे इमारतीच्या मॅनेजरबाई ठरवणार आहेत. कॅमेरे घटना टिपतात, हेतू टिपत नाहीत. ते काम मलाच करावं लागणार.

३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७

संकल्प. रोज पहाटे उठणे. (आज सातला उठलो. पहाट तशी फार लांब गेली नव्हती.) तीस तारखेपर्यंत सोळाच्या सोळा कॅमेऱ्यांची भिंगशुद्धी करणे. माझ्या तपासणीच्या पद्धतीवर टिपण लिहून मॅनेजरबाईंना सादर करणे. कुणावर न चिडणे.

सकाळी ७.४०

हिने चहाबरोबर विषय काढला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे शनिवारची वेळ घेतली आहे म्हणे. मला न विचारता! म्हणाली, पन्नाशी उलटली, वर्षातून एकदा दाखवावं, आणि आप्पांना (माझ्या वडिलांना) काचबिंदू होता, तो घराण्यात उतरतो. मी म्हणालो, घराण्यात गाणं उतरतं, काचबिंदू नाही. ती म्हणाली, गाणं उतरलं असतं तर मी काही बोलले नसते.

वेळ पुढे ढकलली. करार झाला की बघू. एका वेळी एकच परीक्षा द्यावी.

४ सप्टेंबर, बुधवार

भिंगशुद्धीचा शुभारंभ. मागच्या गेटवरच्या तेरा नंबरपासून सुरुवात केली, कारण तिथे एका कोळ्याने घर थाटलं होतं. कॅमेऱ्याच्या अंधारात बघायच्या दिव्यांना ऊब असते, कोळ्यांना ती मानवते. बायकापोरांसह राहत असावा. शिडीवर चढून ब्रश फिरवला. त्या धांदलीत मागची केबल जरा ताणली गेली. दाबून बसवली. 'टक्' असा आवाज झाला असावा.

खाली आलो तर रेकॉर्डर पीं पीं करत होता. या यंत्राला उगाच कुरकुरायची सवय आहे. सेटिंगमध्ये जाऊन त्याचं तोंड बंद केलं. आता कशी शांतता.

मग तपासणी. माझी पद्धत इथे नोंदवून ठेवतो, टिपणात कामाला येईल. इतर लोक पडद्यावरचं एकेक चित्र बघतात: एक, दोन, तीन. कारकुनी काम. मी रेकॉर्डर-रूममध्ये उभा राहतो, दीर्घ श्वास घेतो आणि सोळाही चित्रांवर एकच दृष्टिक्षेप टाकतो. दोष असेल तर तो आपणहून नजरेला टोचतो. अकरा वर्षांच्या साधनेने हे साधतं. आप्पा संस्कृतचे मास्तर. ते म्हणत, सर्व प्रमाणांत प्रत्यक्ष श्रेष्ठ. डोळ्यांनी पाहिलं की वाद संपला.

वहीत लिहिलं: १ ते १६, चित्र सुस्पष्ट. सही.

एक टायवाला मॅनेजरबाईंच्या केबिनमधून बाहेर पडताना दिसला. दात फार पांढरे. त्याच्या कंपनीकडे असं सॉफ्टवेअर आहे की कॅमेरा बंद पडला की मोबाईलवर आपोआप मेसेज येतो. मी विचारलं, आणि सॉफ्टवेअर बंद पडलं तर? म्हणाला, ते पुढच्या व्हर्जनमध्ये.

कॅमेरा बघतो की नाही हे बघायला यंत्र, म्हणजे जावयावर लक्ष ठेवायला दुसरा जावई.

६ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा बादली. तीच नडगी.

योगायोग एकदा होतो. दुसऱ्यांदा होतो त्याला कट म्हणतात. मॅनेजरबाईंना चार परिच्छेदांचा अर्ज दिला. विषय: लॉबीतील बादलीची आक्षेपार्ह स्थापना व तज्ज्ञ व्यक्तीस होणारा उपद्रव. त्यांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा अर्ज वाचला. म्हणाल्या, तुम्ही बरे आहात ना? मी म्हणालो, नडगी सोडून उत्तम.

काचेच्या दारालाही आज कपाळ लागलं. दार इतकं स्वच्छ पुसायचं कारणच काय? यामागेही मावशीच आहेत.

१ ते १६, चित्र सुस्पष्ट. सही.

८ सप्टेंबर, रविवार

घरी शांतता, म्हणजे माझ्यापुरती. चहा कपाबाहेर ओतला गेला. हे नवे कप वर निमुळते आहेत, कुणाचाही अंदाज चुकेल. ही काही बोलली नाही. फडकं घेऊन आली. हिचं न बोलणं हिच्या बोलण्यापेक्षा लांबतं.

स्कूटरचा डावा आरसा नवा बसवला. तिसरा. आमच्या गेटचा डावा खांब बांधतानाच वाकडा बांधलेला आहे. बारा वर्षं लक्षात आलं नव्हतं.

हिने जेवताना बसायची जागा बदलली. आता माझ्या उजव्या हाताला बसते. म्हणे पंखा लागतो. पंखा बरोबर मधोमध आहे.

९ सप्टेंबर, सोमवार

अर्जाचा परिणाम! बादली मार्गातून नाहीशी. लेखणीची ताकद. पण सुडाची भावना बघा: मी लॉबीत शिरलो की मावशी बादलीची कडी खडखड वाजवतात. मुद्दाम. एखाद्याने अर्ज केला की हा असा निषेध. मी दुर्लक्ष करतो. थोरांनी करावं तसं.

इमारतीत खोकल्याची साथही दिसते. आमचे पहारेकरी सलामकाका (येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सलाम ठोकतात, एकदा रिकाम्या लिफ्टलाही ठोकलेला मी पाहिला आहे) हल्ली माझ्या जवळून जाताना हटकून खोकतात. आणि नेहमी डावीकडूनच येतात, मांजरीसारखे. मी दोनदा दचकलो. त्यांना म्हणालो, काका, छातीचा फोटो काढा. ते म्हणाले, काढतो हं साहेब, आणि खोकले.

१ ते १६, सुस्पष्ट. सही.

११ सप्टेंबर, बुधवार

मॅनेजरबाईंची दिवसभर भेट नाही. टिपणाचं पहिलं पान घेऊन दोनदा लॉबीतून गेलो. टाळतात मला. टायवाल्याने कान भरले असणार.

तळमजल्यावरच्या चष्मेवाल्याने हाक मारून दुकानात बसवलं. म्हणाला, साहेब, इकडे बघा, या बोटाकडे. मग म्हणाला, आता नुसतं समोर बघा, बोट दिसलं की सांगा. मी समोर बघत बसलो. बऱ्याच वेळाने विचारलं, अहो, बोट आणणार कधी? तो म्हणाला, आणलंय.

मग गंभीर चेहरा करून सांगतो, हे चष्म्याचं काम नाही, डॉक्टरांना दाखवा. लवकर दाखवा.

विचार केला. चष्म्याचा दुकानदार आणि चष्मा विकायला नकार देतो, याचा अर्थ एकच. माल संपलेला आहे. नव्या फ्रेमचा खोका येणार आहे असं तोच म्हणत होता. अनुमान हे दुसऱ्या क्रमांकाचं प्रमाण, पण कधीकधी प्रत्यक्षाच्या तोडीचं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

सुस्पष्ट. सही.

शिडी अंमळ जवळ सरकवली होती वाटतं कुणीतरी. पडलो नाही. उतरलो, जरा वेगाने.

१५ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९

हिने दुसऱ्यांदा घेतलेली वेळ पुढे ढकलली. कारण: टिपण. शीर्षक ठरलं, 'दृष्टिक्षेप-पद्धती: एक अनुभवसिद्ध विवेचन'. पुढे सुचत नाही. शीर्षकातच सगळं येऊन गेलं.

दुपारी १

जेवताना हिने एकाएकी विचारलं, माझ्या हातात काय आहे? मी समोर बघून म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, डाव्या हाताचं विचारतेय. वळून पाहिलं तर उलथनं. माझ्या कानापासून वीतभर. हे काय जेवताना खेळायचे खेळ आहेत? ती म्हणाली, आप्पांचंही असंच सुरू झालं होतं, तुम्हीच सांगितलंत मला.

आप्पांचं वेगळं होतं. आप्पा आयुष्यभर मंद दिव्याखाली वाचत. शेवटची तीन वर्षं त्यांना दिसत नव्हतं, हे घरात बरेच दिवस कुणाला कळलं नाही, कारण सगळे श्लोक पाठ. पुस्तक उघडून बसायचे, पानं उलटायचे, एक अक्षर चुकायचं नाही. मला कळलं तेव्हा ते एका स्वैपाकाच्या वहीतून श्लोक वाचत होते. या गोष्टीवर आम्ही दोघं पूर्वी खूप हसलो आहोत.

आज हसलो नाही. तिने उलथनं खाली ठेवलं.

१६ सप्टेंबर, सोमवार

सुस्पष्ट. सही.

१८ सप्टेंबर, बुधवार

सुस्पष्ट. सही. टायवाला पुन्हा येऊन गेला. सलामकाकांनी त्यालाही सलाम ठोकला. माणसाला निष्ठा नाही.

डॉक्टरांची तिसरी वेळ पुढे. कारण: सर्दी. (येईल असं वाटत होतं.)

२० सप्टेंबर, शुक्रवार

इमारतीत खळबळ! चष्मेवाल्याचा नव्या फ्रेमचा खोका गायब. कुरियरवाला छातीठोकपणे सांगतो, मंगळवारी सकाळी अकराला मागच्या गेटपाशी ठेवला आणि दुकानात फोन केला. चष्मेवाला गेला तर तिथे काही नाही. त्या वेळी मागचं गेट कोण पुसत होतं? मावशी.

कुणी उघड आरोप केलेला नाही. पण मावशींना जाता-येता पिशवी उघडून दाखवायला सांगितलं आहे. डबा, जुनी साडी, छत्री. रोज.

मला मनातून (इथेच लिहितो) जरा बरं वाटलं. दैवाची बादली कुणाच्याही वाटेत येऊ शकते. पण न्याय म्हणजे न्याय. मागच्या गेटवर तेरा नंबर आहे आणि तेरा नंबर माझा आहे. रेकॉर्डर-रूमची किल्लीही एकट्या माझ्याकडे. सलामकाकांच्या टेबलावरच्या छोट्या पडद्यावर नुसती पुढची चार चित्रं येतात. मॅनेजरबाई आज बाहेरगावी. सोमवारी त्यांच्यासमोर फुटेज काढायचं ठरलं.

मावशी लिफ्टपाशी भेटल्या. म्हणाल्या, साहेब, तुमच्या कॅमेऱ्यात सगळं असेल ना? मी म्हणालो, सगळं. म्हणाल्या, मग माझी काळजी मिटली. आणि खरंच मिटल्यासारख्या पुसायला लागल्या. या बाईचा आत्मविश्वास मला जरा खटकला.

१ ते १६, सुस्पष्ट. सही.

२१ सप्टेंबर, शनिवार

एक घाव दोन तुकडे. सोमवारी खोक्याबरोबर बादलीप्रकरणही निकालात काढायचं. लॉबीतल्या सहा नंबरचं फुटेज लावलं की बादली कोण, कुठे आणि कोणत्या हेतूने ठेवत होतं ते सर्वांसमक्ष येईल. रेकॉर्डर तीस दिवसांचं साठवतो. तीस तारखेच्या आधी आठवडाभर असं नाट्य घडावं हा ईश्वरी संकेत. टिपणाचीही आता गरज नाही. प्रात्यक्षिकच होईल.

संकल्प: सोमवारी इस्त्रीचा शर्ट.

२३ सप्टेंबर, सोमवार. दुपारी २

थोडक्यात लिहितो.

रेकॉर्डर-रूममध्ये मॅनेजरबाई, चष्मेवाला, सलामकाका, मावशी. खोली दोघांची, आम्ही पाच. मी एक छोटं प्रास्ताविक केलं. मग पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे हात केला आणि म्हणालो, हे आपलं मागचं गेट, तेरा नंबर, चित्र बघा कसं स्वच्छ.

मग चष्मेवाला हळूच म्हणाला, अहो, ते काळं आहे.

मी म्हणालो, ब्राइटनेस. मॅनेजरबाई म्हणाल्या, बाकीची पंधरा दिसताहेत की.

मी जवळ गेलो. मान वळवली. काळा चौकोन. व्यवस्थित, चारी बाजूंनी पूर्ण, काळा.

मागे मागे नेलं. मंगळवार काळा. त्याआधीचा सोमवार काळा. थेट चार सप्टेंबर, दुपारी बारा चाळीसपर्यंत काळं. त्याआधी शेवटचं चित्र म्हणजे पडदाभर माझा चेहरा, हातात ब्रश, तोंड उघडं. मग एक हात. मग काही नाही. एकोणीस दिवस.

मॅनेजरबाईंनी वही मागितली. आठ सह्या. आठही ठिकाणी सुस्पष्ट.

मावशी म्हणाल्या, म्हणजे मी खोका घेतला नाही हे कशातच नाही का? त्या मला विचारत नव्हत्या. पडद्याला विचारत होत्या.

आणि इथे माझी बुद्धी फिरली. मी म्हणालो, तेराचं राहू द्या, सहा नंबर लावतो, बादलीप्रकरण. कुणी नको म्हणायच्या आत लावलंसुद्धा.

दुपारी ४

सहा नंबरचा कोन चुकीचा आहे. इतक्या उंचावरून बघितलं की कुणीही आंधळा आणि निष्काळजी दिसतो. भिंग रुंद असल्यामुळे कडेच्या वस्तू भलतीकडे सरकतात. हे मी त्यांना समजावून सांगायला हवं होतं. सुचलं नाही. निघालो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज माझा वार नाही. तरी गेलो. रेकॉर्डर-रूमचं दार लावून घेतलं आणि सहा नंबर पुन्हा लावला. तीन तास. कोन बरोबर आहे.

२ तारीख. बादली भिंतीला लागून, खांबाच्या आडोशाला. शेजारी पिवळा फलक. मी येतो, काहीतरी पुटपुटत, सरळ तिच्यात जातो.

६ तारीख. मावशी मला लांबून बघतात, बादली पायाने आणखी बाजूला ढकलतात. मी वळतो आणि तिथे जाऊन आपटतो. प्रयत्न करून आपटावं तसा.

९ तारखेपासून पुढे दर खेपेला. मी दारात दिसलो की मावशी बादली उचलतात, पलीकडे नेतात, आणि कडी वाजवतात. मी गेलो की परत आणतात. कधीकधी पुढे धावत जाऊन काचेचं दार उघडून धरतात. मी त्यातून जातो. दार उघडंच होतं अशा थाटात.

सलामकाका टेबल सोडून उठतात, माझ्या डाव्या अंगाने चालत येतात, खोकतात. लिफ्टपर्यंत सोडतात, परत जातात. प्रत्येक वेळी.

११ तारीख. मॅनेजरबाई लॉबीत माझ्यासमोर उभ्या आहेत, डावीकडे. हसतात, हात वर करतात. मी चालतच राहतो. त्या फाइल छातीशी धरून भिंतीला चिकटून उभ्या राहतात, मला वाट देतात. मागे वळून बघत राहतात. त्या दिवशी माझ्या हातात टिपणाचं पहिलं पान आहे.

सगळी इमारत माझ्या डाव्या बाजूने सांभाळून चालते आहे. मी एकटा मधून चालतो आहे. साहेबासारखा.

आणि मान. दर चार पावलांनी मान डावीकडे जाते, कोंबडीसारखी, मग समोर. आपण असं करतो हे मला माहीत नव्हतं. पण मान ओळखीची आहे. आप्पा अंगणात असे चालायचे.

रेकॉर्डर बंद केला. म्हणजे पडदा. रेकॉर्डर बंद करता येत नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

खोका सापडला. कुरियरवाल्याने शेजारच्या इमारतीच्या मागच्या गेटपाशी ठेवला होता. त्यांच्या पहारेकऱ्याने आत घेऊन त्यावर आठवडाभर डबा ठेवून जेवण केलं. चष्मेवाल्याने मावशींना पेढे दिले असते तरी चाललं असतं, पण तो नुसता ओशाळून हसला.

मी मावशींना गाठलं. भाषण तयार केलं होतं, चार परिच्छेदांचं. पहिल्याच्या मध्यावर त्या म्हणाल्या, राहू द्या हो साहेब. मी म्हणालो, कॅमेरा चालू असता तर तुम्हाला पिशवी उघडून दाखवावी लागली नसती. त्या म्हणाल्या, हो, नसती लागली. आणि थांबल्या. ते त्यांनी सोडलं नाही, आणि सोडू नये.

मग विचारलं, कडी का वाजवत होतात? म्हणाल्या, माझे सासरे असेच. तोंडाने सांगितलं की अंगावर यायचे, मला दिसतंय म्हणायचे. बादली वाजवली की आपले गुपचूप थांबायचे. तुम्ही काही थांबत नव्हतात. अर्ज करत होतात.

तेरा नंबरची केबल बसवली. खालून सलामकाकांनी शिडी धरली. या वेळी 'टक्' ऐकू आलं. झालं असावं असं वाटणं आणि होणं यात बराच फरक आहे.

वहीत आठ सह्यांसमोर आठ वेळा लिहिलं: तेरा बंद होता, मला दिसला नाही.

त्यातली गोम आता लक्षात येते. दिसत होता, हीच अडचण. मागचं गेट, पाण्याचा पंप, पंपावर वाळत घातलेलं फडकं, कोपऱ्यात मांजर. अकरा वर्षांत ते चित्र मला पाठ झालं आहे. पडद्यावर ते नव्हतं, तरी मी ते रोज वाचून दाखवत होतो.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दृष्टिक्षेप-पद्धती रद्द. आता बोट लावून, एकेक चित्र, मान पूर्ण वळवून. एक, दोन, तीन. कारकुनी. अकरा मिनिटं लागली. तेरा चालू. नऊ नंबर छताकडे बघतो आहे, कधीपासून कोण जाणे. छताचं चित्र मात्र खरोखर सुस्पष्ट.

रेकॉर्डरची पीं पीं पुन्हा सुरू करून ठेवली. त्याची क्षमा मागितली नाही, कुणी ऐकलं तर काय म्हणेल.

३० सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी ६

मॅनेजरबाईंची केबिन. टायवालाही होता. त्या काही बोलायच्या आत मीच म्हणालो, यांचं सॉफ्टवेअर घ्या, त्याची गरज आहे. टायवाल्याचे दात दिसायचे बंद झाले, इतका तो चकित झाला. मॅनेजरबाई म्हणाल्या, सॉफ्टवेअर घेणारच आहे. पण कॅमेरे कुठल्या केबलने कुठे जातात हे यांना माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांचा कागद आणा, मग करारावर बोलू. तोवर शिडी चढायची नाही.

म्हणजे करार झाला नाही. गेलाही नाही.

टायवाल्याला सातही मजले फिरवून दाखवले. त्याने सगळं मोबाईलमध्ये टिपून घेतलं. तिसऱ्या मजल्यावर तो माझ्या उजवीकडून डावीकडे आला आणि खोकला. बातमी त्याच्यापर्यंतही पोचलेली दिसते.

संध्याकाळी ७.३०

उद्या साडेनऊला डोळ्यांचे डॉक्टर. ही चौथी वेळ. हिने घेतली होती, मला सांगितली नव्हती. मी आपणहून म्हणालो, उद्या जाऊ या, तेव्हा तिने कागद काढून दाखवला. स्कूटर नको, रिक्षाने जाऊ, एवढंच म्हणाली.

करार गेला तर दुसरं काम बघता येईल. शिडी गेली तरी चालेल, गुडघे धन्यवादच देतील. आठ सह्यांची लाज वाटते, मावशींच्या पिशवीची जास्त वाटते, पण लाजेने माणूस झोपत नाही असं नाही.

आप्पा शेवटी शेवटी, माझा आवाज आला की हसायचे, पण भलत्याच दिशेला बघून. मग मी हळूच सरकून त्या दिशेला जाऊन उभा राहायचो, म्हणजे त्यांना वाटावं की बरोबर बघितलं. घरात सगळे तसंच करायचे. त्यांना ते कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

ही माझ्या उजवीकडे बसून भाजी निवडते आहे. पंखा मधोमध आहे.

मला डोळ्यांची भीती वाटते. दोन तारखेपासून एवढंच लिहायचं होतं.